कर्मवीर भाऊराव पाटील : वसतिगृहाचे शिल्पकार



मुलगा हुशार आहे, त्याला पुढे शिकायचे आहे, पण गावात वरची शाळा नाही आणि शहरात त्याला ठेवायचे कोठे? त्याने जेवायचे कोठे? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात कधी ना कधी निघाला असेल. फी एखादेवेळी माफ होते, पुस्तके मागून मिळतात. पण दोन वेळची भाकरी आणि डोक्यावरचे छप्पर मिळाले नाही, म्हणून कित्येक मुलांची शिक्षणे अर्ध्यावर थांबली. हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर आपल्या खांद्यावर वाहिला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आपण जाणून घेतले पाहिजे. ते आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत घडले आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण विटे, इस्लामपूर अशा गावांतून गेले. ही गावे आज सांगली जिल्ह्यात असली तरी त्या काळी सातारा जिल्ह्यात होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून भाऊरावांचे कार्य सातारचे की सांगलीचे, असा वाद घालण्याचे कारण नाही. ते दोहोंचे आहे.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षणाची मोठी चळवळ उभी केली होती. मराठा, जैन, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे निघाली. मुस्लिम मुलांसाठी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला विद्यार्थी भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय पंगतीला बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. मित्रांनो, राहण्याची जागा गेली तर शिकणाऱ्या मुलाचे काय होते, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले. मॅट्रिकची परीक्षा काही त्यांच्या हातून पार पडली नाही. पण पुढे ज्यांनी हजारोंना पदवीधर केले, त्यांच्या आयुष्याला दिशा देणारा धडा याच पंगतीत मिळाला.

१९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दुधगावी त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. तेथे सर्व जातींची मुले एकत्र ठेवण्याचा प्रयोग झाला. पुढे पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काचसामानाचे व किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरती केली. या फिरतीत खेड्यांतील दारिद्र्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नांगर विकता विकता मनाची जमीन नांगरली गेली पाहिजे, हा विचार त्यांच्या ठायी पक्का झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

शाहू महाराजांना भाऊराव गुरुस्थानी मानीत. तरी त्यांनी महाराजांच्या पुढचे पाऊल टाकले. कोल्हापुरात प्रत्येक समाजाला आपापले वसतिगृह होते. त्या काळी तसे केल्याशिवाय मुले शिक्षणाकडे आलीच नसती. भाऊरावांनी साताऱ्यात एकच छप्पर आणि एकच चूल ठेवली. मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम अशी सारी मुले एका खोलीत राहत, एकाच पंगतीत जेवत. पाणी भरणे, झाडलोट, दळण, स्वयंपाक ही कामे सर्वांच्या वाट्याला पाळीपाळीने येत. कोणाच्या हातची भाकरी कोणी खायची, हा प्रश्न तेथे व्याख्यानाने सुटला नाही. रोजच्या भुकेने आणि रोजच्या कामाने सुटला.

या घराची खरी माउली म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेली ही बाई परक्या पोरांची आई झाली. वसतिगृहातील धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना मोडला जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले, पण मुलांना उपाशी झोपू दिले नाही. १९३० साली त्या निवर्तल्या. भगिनींनो, संस्थांच्या इतिहासात देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. या माउलीची देणगी मात्र मुलांच्या पोटात गेली.

पण भाऊरावांचे वसतिगृह हे अन्नछत्र नव्हते, हे विसरू नका. फुकटचे घेतले की माणूस मिंधा होतो, अशी त्यांची धारणा होती. मुलांनी श्रम करावेत आणि त्या श्रमावर शिकावे, हा त्यांचा मार्ग. कमवा आणि शिका या नावाने तो महाराष्ट्रभर ओळखला जातो. मुले माळरान फोडून शेती करीत, बांधकामावर दगड-माती वाहत. गावोगावच्या बायाबापड्याही दळणाच्या वेळी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढीत. १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात मुले फीऐवजी श्रम देऊन शिकली. खेड्यांत शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली अध्यापन विद्यालय निघाले, आणि पुढे पाचशेहून अधिक गावांत संस्थेच्या प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज व १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले.

वाट सरळ नव्हती. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास त्यांच्या भाषणांवरून मुंबई सरकारची नाराजी झाली आणि संस्थेचे अनुदान बंद पडले. हजारो मुलांच्या जेवणाचा व शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा रयतेनेच आपल्या संस्थेला हात दिला. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. लोकांनी वीस-पंचवीस वर्षे मूठमूठ धान्य दिले होते, म्हणूनच ती संस्था त्यांना आपली वाटली.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने असा मान दिला. त्याच वर्षी ९ मे रोजी ते कालवश झाले. आज साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे आणि रयतेच्या वटवृक्षाच्या पारंब्या महाराष्ट्राबाहेरही पोहोचल्या आहेत.

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपला मुलगा वसतिगृहात राहत असेल, तर तेथे केवळ त्याच्या राहण्याजेवणाची सोय होते असे समजू नका. तो दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर राहायला शिकतो आहे का, आपले ताट आपण धुतो का, याची विचारपूस करा. मुलीलाही ही संधी द्या. लक्ष्मीबाईंचे नाव घेणाऱ्यांना मुलीचे शिक्षण मध्येच थांबवणे शोभत नाही. आपल्या वस्तीत एखादे मूल केवळ जागेअभावी शिक्षण सोडत असेल, तर चार घरांनी मिळून त्याची जबाबदारी घेता येते. मूठभर धान्याने काय होते, हे साताऱ्याने दाखवून दिले आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शिकता शिकता काम करावे लागत असेल तर मान खाली घालू नका. तुमच्याआधी याच जिल्ह्यातील हजारो मुले दिवसा दगड फोडून रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत शिक्षक, वकील, प्राध्यापक झाली. तुम्हीही शिका, आणि कमावते झाल्यावर एका तरी मुलाच्या राहण्याजेवणाचा भार उचला.