अतींद्रियाला प्रयोगशाळेत आणणारा संशोधक : जे. बी. ऱ्हाइन

दूर कोठेतरी घडणारी घटना डोळ्यांनी न पाहता कळावी किंवा उद्याची गोष्ट आजच मनाला जाणवावी, अशा अनुभवांच्या कथा जगातील प्रत्येक समाजात आढळतात. त्यांवर निःशंक विश्वास ठेवणारे आणि त्यांची थट्टा करणारे असे दोन पक्षही तितकेच जुने आहेत. या दोघांच्या मध्ये उभे राहून पुराव्याचे आकडे मोजणारा संशोधक म्हणजे डॉ. जोसेफ बँक्स ऱ्हाइन. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात त्यांनी हा विषय प्रयोगशाळेत आणला, परामानसशास्त्र हे नाव सर्वतोमुखी केले आणि आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे त्यासाठी वेचली.

ऱ्हाइन यांचा जन्म २९ सप्टेंबर १८९५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील वॉटरलू या खेड्यात झाला. तरुणपणी त्यांचा ओढा धर्मोपदेशक होण्याकडे होता. पुढे ते विज्ञानाकडे वळले. अमेरिकी मरीन दलातील सेवेनंतर १९२० मध्ये लुईसा वेकेसर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती-पत्नी दोघांनीही शिकागो विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या अभ्यासात स्थिरावू पाहणाऱ्या या दांपत्याच्या आयुष्याला १९२२ मध्ये एका व्याख्यानाने वेगळे वळण दिले. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल मृतात्म्यांशी संपर्क साधता येतो, असा प्रचार करीत तेव्हा अमेरिकेत फिरत होते. धर्मश्रद्धा ढळली होती, पण माणूस केवळ यंत्र आहे हे मनाला पटत नव्हते, अशा अवस्थेतील ऱ्हाइन यांना या विषयाची शास्त्रीय तपासणी व्हायला हवी, असे वाटू लागले.

या तपासणीचा पहिला धडा कडू ठरला. १९२६ मध्ये बोस्टन येथे ‘मार्जरी’ या नावाने गाजलेल्या माध्यम स्त्रीच्या बैठकीला ऱ्हाइन दांपत्य उपस्थित राहिले. अंधारातील चमत्कार मृत भावाचा आत्मा घडवतो, असा तिचा दावा होता. ऱ्हाइन यांना मात्र त्यात हातचलाखी दिसली आणि त्यांनी तसे जाहीरपणे लिहिले. ज्यांच्या व्याख्यानाने ते या वाटेवर आले होते, त्या डॉयल यांचाच रोष त्यांनी ओढवून घेतला. तथापि, चिकित्सक वृत्तीही कधी चकते, याचा प्रत्यय लवकरच आला. व्हर्जिनियातील ‘लेडी वंडर’ या घोडीला माणसांच्या मनातले कळते, असा निष्कर्ष ऱ्हाइन दांपत्याने काढला. मालकिणीच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोडी अक्षरांचे ठोकळे निवडत असे, हे पुढे जादूगारांनी दाखवून दिले.

१९२७ मध्ये ऱ्हाइन नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे, ड्यूक विद्यापीठात दाखल झाले. तेथील मानसशास्त्र विभागाचे प्रमुख विल्यम मॅक्डुगल यांचा त्यांना भक्कम पाठिंबा मिळाला. अंधाऱ्या खोलीतील आत्मे आणि माध्यमे यांच्यापेक्षा सामान्य विद्यार्थ्यांची मोजता येईल अशी परीक्षा घ्यावी, असे त्यांनी ठरवले. सहकारी कार्ल झेनर यांनी त्यासाठी पत्ते सुचवले. वर्तुळ, फुली, लाटांच्या रेषा, चौकोन आणि तारा ही पाच चिन्हे, प्रत्येकाचे पाच पत्ते, असा पंचवीस पत्त्यांचा संच होता. केवळ अंदाजाने सांगणाऱ्याचे सरासरी पाच पत्ते बरोबर येणार. हजारो प्रयत्नांत ही सरासरी सातत्याने ओलांडली गेली, तर त्याला योगायोग म्हणता येणार नाही, हे साधे गणित या प्रयोगांच्या मुळाशी होते.

सर्वाधिक गाजले ते १९३३-३४ मधील प्रयोग. ऱ्हाइन यांचे सहायक गेदर प्रॅट एका इमारतीत बसत. शंभर यार्ड दूर ग्रंथालयात ह्यूबर्ट पिअर्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी बसे. दोघांची घड्याळे जुळवलेली असत. प्रॅट दर मिनिटाला एक पत्ता न पाहता पालथा ठेवत आणि पिअर्स तो कोणता असेल हे लिहून काढे. पुढे काही फेऱ्यांत हे अंतर अडीचशे यार्डांपर्यंत वाढवले गेले. एकूण १८५० प्रयत्नांत योगायोगाने ३७० उत्तरे बरोबर यायला हवी होती, आली ५५८. पत्ते पिसण्यापूर्वीच त्यांचा क्रम सांगायचा, अशी भविष्यज्ञानाची परीक्षाही याच काळात सुरू झाली.

१९३४ मध्ये ‘एक्स्ट्रा-सेन्सरी पर्सेप्शन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ऱ्हाइन यांचे नाव घरोघरी पोहोचले. ‘जर्नल ऑफ पॅरासायकॉलॉजी’ १९३७ मध्ये सुरू झाले. झेनर पत्ते दुकानांत विकले जाऊ लागले आणि रेडिओवरून श्रोत्यांच्या परीक्षा होऊ लागल्या.

टीकाही तितक्याच जोराने आली. आधी गणितावर शंका घेतली गेली. परंतु संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष बर्टन कँप यांनी १९३७ मध्ये आकडेमोड योग्य असल्याचे जाहीर केले. प्रश्न उरला तो प्रयोगांच्या बंदोबस्ताचा. बाजारातील काही पत्त्यांची चिन्हे विशिष्ट प्रकाशात मागूनही दिसत, हे उघड झाले. प्रिन्स्टन येथे १३२ जणांकडून पंचवीस हजारांहून अधिक प्रयत्न करवून घेतले गेले. हाती काही लागले नाही. ड्यूकमध्येही बंदोबस्त कडक होत गेला, तसे थक्क करणारे आकडे दुर्मीळ झाले. पिअर्स ग्रंथालयातून बाहेर पडून पत्ते पाहू शकला असता, कारण त्याच्यावर कोणाचीच नजर नव्हती, असा आक्षेप ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सी. ई. एम. हॅन्सेल यांनी पुढे घेतला. पिअर्सने फसवले असे त्यातून सिद्ध होत नाही. मात्र फसवणुकीची वाट बंद नव्हती, एवढे निश्चित होते.

ऱ्हाइन डगमगले नाहीत. त्यांच्याच पुढाकाराने १९५७ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांची व्यावसायिक संघटना स्थापन झाली. लुईसा यांनी लोकांच्या उत्स्फूर्त अनुभवांची हजारो पत्रे जमवून त्यांचे वर्गीकरण केले. १९६५ मध्ये ऱ्हाइन विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर त्यांचे काम डरहॅममधील स्वतंत्र संस्थेत सुरू राहिले. भारताशीही या कार्याचा धागा जुळला. ऱ्हाइन यांच्यासह काम केलेले के. रामकृष्ण राव यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये आंध्र विद्यापीठात परामानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

सर्वांत मोठा आघात उतारवयात झाला. ज्याच्या हाती संस्थेची धुरा सोपवली होती, तोच तरुण संचालक १९७४ मध्ये प्रयोगाच्या नोंदींत फेरफार करताना सहकाऱ्यांना आढळला. ऱ्हाइन तेव्हा ७८ वर्षांचे होते. हे प्रकरण झाकून ठेवणे त्यांना शक्य होते. त्यांनी संचालकाचा राजीनामा घेतला, आपल्याच नियतकालिकातून फसवणूक जाहीर केली आणि त्याच्या आधीच्या कामावर विसंबू नये, असे संशोधकांना कळवले. २० फेब्रुवारी १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात हा वाद थांबला नाही. दूरच्या स्थळांचे वर्णन बसल्या जागी करवून घेण्याचे प्रयोग कॅलिफोर्नियात १९७२ पासून चालू होते. त्यांना अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी दोन दशके पैसा पुरवला आणि उपयोग सिद्ध न झाल्याने १९९५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये भविष्यज्ञानाचे पुरावे मांडले; इतरांना तेच प्रयोग करून तेच निष्कर्ष मिळाले नाहीत. मात्र त्या वादातून मानसशास्त्रातील एकूणच संशोधनपद्धतीची झाडाझडती सुरू झाली. विज्ञानजगताने ऱ्हाइन यांचा निष्कर्ष स्वीकारलेला नाही. परंतु चमत्काराचा दावा करणाऱ्याला किती प्रयत्न, किती यश आणि साक्षीला कोण, हे विचारण्याची शिस्त त्यांनी या विषयाला लावली. त्यांचे स्वतःचे दावेही अखेर याच कसोटीवर तपासले गेले.