अहिल्याबाई होळकर : महेश्वरचे माग उभे करणाऱ्या राज्यकर्त्या

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली. काशी विश्वनाथ मंदिराची पुनर्बांधणी, घाट, बारव आणि धर्मशाळा यांमुळे त्यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. त्यांच्या कारकिर्दीत महेश्वर येथे वाढलेल्या विणकामाची आठवण मात्र बहुधा साडीच्या दुकानातच निघते.

अहिल्याबाईंचा जन्म सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि राज्यकारभाराची कामे तिच्यावर सोपवली. १७६६ मध्ये मल्हाररावांचे आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव यांचे निधन झाले. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजीराव होळकर यांच्याकडे दिली व स्वतःचा मुक्काम नर्मदाकाठच्या महेश्वरला हलवला.

राजधानी आली की कचेरी येते, पाहुणे येतात आणि मानपानही येतो. मराठा दरबारांत वस्त्रे देऊन सन्मान करण्याची रीत होती. त्यासाठी लुगडी आणि पागोटी सतत लागत. अहिल्याबाईंनी सुरत, बऱ्हाणपूर आदी ठिकाणच्या कुशल विणकरांना बोलावून महेश्वरला वसवले, असे परंपरेने सांगितले जाते. निमाड हा कापसाचा प्रदेश, नदीचे पाणी दाराशी आणि दरबार हा हक्काचा ग्राहक. कारागिरांना स्थिर होण्यासाठी एवढे पुरेसे होते.

छत्तीसगडच्या कोशाशी तुलना केली तर हा फरक लक्षात येतो. रायपूरमधील शंकर नगरच्या शेजारी पंडरी येथे मोठा कापड बाजार आहे. या राज्याची ओळख असलेला कोसा हा अर्जुन आणि साजा या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून मिळतो. चांपा परिसरातील विणकामाला त्या जंगलाचा आधार आहे. महेश्वरीमागे असे जंगल नव्हते. तिच्यामागे एका राज्यकर्तीचा निर्णय होता.

अहिल्याबाईंच्या काळातील महेश्वरी लुगडे नऊवारी आणि शुद्ध सुती होते. वस्त्र हलके, पोत तलम आणि अंग बहुधा साधे किंवा बारीक चौकड्यांचे वा रेघांचे असे. सारी कलाकुसर काठ आणि पदरावर असे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसत असल्याने साडी उलटसुलट कशीही नेसता येते. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. चटई, वीट, हिरा आणि नर्मदेच्या लाटा ही काठावरील नक्षीची नावे आहेत. त्यांतील काही आकृत्या किल्ल्याच्या भिंती व घाटावरील कोरीवकामातून घेतल्या, असे विणकर मानतात. स्वतः अहिल्याबाई मात्र वैधव्यानंतर पांढऱ्या साध्या वस्त्रातच राहिल्या.

त्यांचे उत्तरायुष्य दुःखाचे गेले. नातू नत्थोबा वारला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. सासऱ्यांनी सुनेला थांबवले होते, पण आईला मुलीला थांबवता आले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंचे महेश्वर येथे निधन झाले.

दरबाराच्या आधारावर उभ्या राहिलेल्या या व्यवसायाला दरबार हलल्याचा फटका बसणार हे उघड होते. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहानंतर राजधानी इंदूरला गेली. पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात खुद्द इंदूरमध्ये कापडगिरणी उभी राहिली. ज्या घराण्याने माग वसवले, त्याच घराण्याच्या राज्यात गिरणीचे भोंगे वाजू लागले, ही बाब लक्षणीय आहे.

विसाव्या शतकात विणकरांनी ताण्यासाठी रेशीम घेतले आणि बाण्यात सूत कायम ठेवले. आज महेश्वरी म्हणून ओळखले जाणारे वस्त्र प्रामुख्याने हे रेशीम आणि सुताचे आहे. त्याला चमक आली आणि ग्राहकवर्गही वाढला. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत अनेक माग बंद पडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरला रेहवा सोसायटी स्थापन केली. रेहवा हे नर्मदेचेच एक नाव आहे. या संस्थेने प्रामुख्याने स्त्रियांना मागावर बसवले आणि नव्या ग्राहकांसाठी साड्यांबरोबर ओढण्याही विणून घेतल्या. त्यानंतर गावातील इतर विणकरही पुन्हा या व्यवसायाकडे वळले.