साने गुरुजी : एकांत आणि लोकांत

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा प्रश्नावली वाटली. एकांत आवडतो का, अनोळखी माणसांशी बोलताना संकोच वाटतो का, असे पुष्कळ प्रश्न आणि प्रत्येकापुढे ‘होय’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ असे तीन पर्याय. युंग या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन प्रकार मांडले. आपण त्यांतले कोण, ते ज्याचे त्याने पाहायचे होते. माझ्या कागदावर ‘सांगता येत नाही’ यावरच जास्त खुणा झाल्या.

खरेच सांगता येत नव्हते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी बडबडी म्हणून प्रसिद्ध. खुरपणीला बायांमध्ये बसले की सर्वांत जास्त तोंड माझेच चालते. पण परभणीला कॉलेजात मी शेवटच्या बाकावर. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आपली बोली ऐकून कुणी हसेल, या भीतीने इथे तोंडच उघडत नाही. मग यांतली खरी मी कोणती? त्याच आठवड्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावच्या बायांपुढे बोलण्यासाठी नावे मागितली होती. मी पडले अंतर्मुख, हे कारण मला आयतेच सापडले.

अशा वेळी ग्रंथालयात साने गुरुजींचे चरित्र हाती आले. ‘श्यामची आई’ वाचून मी शाळेत रडले होते, पण श्यामच्या पुढचे गुरुजी मला ठाऊक नव्हते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. १९१७ साली आई गेली. मुलगा लाजाळू, हळवा, चटकन डोळ्यांत पाणी येणारा. पुढे एम. ए. ला त्यांनी तत्त्वज्ञान घेतले आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते राहिले. इथवर वाचून कुणीही सांगेल की हा माणूस पक्का अंतर्मुख.

पण १९२४ साली ते अमळनेरलाच शिक्षक झाले आणि शाळेच्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या आवरणे, आजाऱ्यापाशी बसणे, हे सारे ते आईच्या मायेने करीत. मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत पडले. लाजाळू मास्तर सभा गाजवू लागले, तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खानदेशातली खेडी पालथी घातली. हरिजनांना विठ्ठलाचे दर्शन मिळावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच ते सुटले.

आता या माणसाला कोणत्या रकान्यात बसवायचे? मला वाटते, गुरुजींना गर्दीची हौस कधीच नव्हती. कुठे आजारी मूल दिसले, कुठे बंद दार दिसले, की त्यांचा संकोच गळून पडे. काम झाले की ते पुन्हा आपल्या लेखणीकडे वळत. मुळात युंगनेही कुणी माणूस निव्वळ एकाच प्रकारचा असतो असे मानले नव्हते. प्रकार ठरवण्याची घाई आपलीच.

चरित्राचा शेवट मात्र वाचवत नाही. गांधीजींच्या हत्येने गुरुजी फार खचले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, पण मनातली उदासी हटली नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. हजारोंना धीर देणारा माणूस आतून किती एकटा होता! लोकांत वावरणाऱ्यालाही कुणीतरी जवळ बसून विचारावे लागते, हे तेव्हा मला कळले. आमच्या वसतिगृहात सदा हसणारी एक मैत्रीण आहे. तिला सारे ठीकच असणार, असे मी धरून चालत असे. आता तिच्यापाशी बसून विचारते.

शिबिरासाठी मी नाव दिले. बोलायला उभी राहिले तेव्हा हात थरथरत होते. पुढे बसलेल्या एका आजींनी मध्येच, कोण्या गावची गं तू, म्हणून विचारले आणि माझे तोंड सुटले. घरच्या बोलीतच बोलले. कुणी हसले नाही. त्या रात्री मात्र शेकोटीभोवती सगळ्या गात असताना मला एकटीलाच बसावेसे वाटले, आणि मी बसले.

ती प्रश्नावली पुन्हा हाती आली, तर माझ्या खुणा तिथेच पडतील. मात्र आता त्याची लाज वाटणार नाही, आणि ते उत्तर पुढे करून मी कोणतेही काम टाळणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला