मॅट्रिकची वाट सोडणारे उद्योजक : लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाराष्ट्रातील आद्य उद्योजकांमध्ये गणना होणारे लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा घरातील मुलाने विद्याभ्यास करावा, मॅट्रिक व्हावे आणि सरकारी कचेरीत किंवा वकिलीत जम बसवावा, अशीच त्या काळी सर्वसाधारण अपेक्षा असे.

लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय पुस्तकांत रमले नाही. त्यांना ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ च्या सुमारास त्यांनी शाळेची वाट सोडून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेण्याचे ठरवले, तेव्हा वडिलांना हा निर्णय रुचला नाही. चित्रे काढून कोणाचे पोट भरते, हा प्रश्न त्या काळातील कोणत्याही मध्यमवर्गीय पित्याला पडला असता, आणि तो अगदीच गैरलागू होता असेही म्हणता येत नाही. थोरले बंधू रामूअण्णा यांनी मात्र धाकट्या भावाची बाजू घेतली आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. लक्ष्मणरावांच्या चरित्रात रामूअण्णांचे हे पाठबळ पुन्हा पुन्हा दिसून येते. त्याविना ही निवड निव्वळ हट्ट ठरण्याचीच शक्यता अधिक होती.

मुंबईत सुमारे दोन वर्षे झाल्यावर एक अनपेक्षित अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधील भेद नीट ओळखता येत नव्हता. डोळ्यांतील या अंशतः रंगांधत्वामुळे चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. ज्यासाठी वडिलांचा विरोध पत्करला, तेच हातचे गेले. परत गावी जाऊन पुन्हा शाळेच्या बाकावर बसणे वयाला आणि मनाला मानवणारे नव्हते. मात्र याच कलाशाळेत यांत्रिक रेखाटनाचे शिक्षणही मिळत असे. त्या कामात रंगांची गरज नव्हती. रेषा, माप आणि प्रमाण एवढे पुरेसे होते. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटन पुढे चालू ठेवले.

या कौशल्याच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाच्या शिक्षकाची नोकरी मिळाली. वेतन होते दरमहा ४५ रुपये. आज वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था त्या वेळी भायखळ्यास होती. येथील कार्यशाळा हेच लक्ष्मणरावांचे खरे महाविद्यालय ठरले. वर्गातील काम आटोपल्यावर ते यंत्रे पाहत, ती खोलून पुन्हा जोडण्याची रीत शिकत, यंत्रशास्त्रावरील इंग्रजी पुस्तके आणि मासिके वाचत. शाळेत पुस्तकांना कंटाळलेला हा तरुण येथे वाचनात रमला, कारण वाचलेले लगेच हाताने पडताळून पाहता येत होते.

तथापि या मार्गाची मर्यादाही येथेच स्पष्ट झाली. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाची नेमणूक करण्यात आली. १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. रामूअण्णांसह चालवलेले सायकलींचे दुकान तेथे होतेच. त्या काळी एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये असे आणि ती चालवण्यास शिकवण्यासाठी लक्ष्मणराव १५ रुपये घेत.

दुकानाच्या जोडीला त्यांनी लहानसा कारखाना सुरू केला. जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही तेथील सुरुवातीची उत्पादने. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. त्यामुळे पहिले मोजके नांगर खपण्यासही सुमारे दोन वर्षे लागली. वस्तू आधी कागदावर मापात उतरवायची, मग साचा करायचा, ओतकाम पाहायचे आणि दोष आढळला की पुन्हा कागदाकडे वळायचे, ही शिस्त रेखाटनाच्या शिक्षणातून आलेली होती. केवळ व्यापारी असते तर दोन वर्षे न खपणारा माल त्यांनी बहुधा सोडून दिला असता.

१९१० मध्ये नगर विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा आदेश बेळगाव नगरपालिकेने दिला. लक्ष्मणराव त्या वेळी औंध संस्थानात बांधकामाच्या कामावर होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकानजीकची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन ओसाड होती. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. त्याच वर्षी मार्चमध्ये या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे.

शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी लक्ष्मणरावांना लाभले. परिसरातील शेतकरी आणि मजूर येथे येऊन ओतारी, जुळारी झाले. अनेकांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते. गुन्हेगार म्हणून समाजाने बाजूला टाकलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा देण्यात आला नाही. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. पुढे नांगरांबरोबरच उसाचे चरक आणि पंपही येथे तयार होऊ लागले.

लक्ष्मणरावांच्या निवडीतून त्यांना पदवीविषयी तिटकारा होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांनी आपले पुत्र शंतनुराव यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत पाठवले. शंतनुराव १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले ते वडिलांच्याच कारखान्यात. ज्या गोष्टी लक्ष्मणरावांनी चुकत-माकत शिकून घेतल्या, त्यांचे शास्त्र मुलाला आधीच ठाऊक असावे, ही इच्छा त्यामागे असावी. पुढील काळात हरिहर, पुणे आणि बंगळुरू येथेही किर्लोस्करांचे कारखाने उभे राहिले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीदिनी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रकाशित केले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाचे नावही बदलले असून ते आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.