फाशी नको, गोळी घाला असं सांगणारे राजूरच्या डोंगरातले राघोजी भांगरे

राजूर म्हटलं की बहुतेकांना आधी पेढा आठवतो. मग डांगी जनावरांचं प्रदर्शन, आणि पुढं भंडारदऱ्याला जाणारा रस्ता. पावसाळ्यात हजारो पर्यटक याच रस्त्यानं जातात. ज्या जलाशयाकडं ते जातात तो वर्षानुवर्षं आर्थर लेक म्हणून ओळखला जायचा. आता त्याला राघोजी भांगरे यांचं नाव आहे.

पण हे राघोजी भांगरे कोण, असं विचारलं तर अकोले तालुक्याबाहेरचे अनेकजण गप्प होतात.

१८५७ च्या उठावाआधी दहा वर्षं आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाआधी तीस वर्षं या माणसानं सह्याद्रीत इंग्रजांना आणि सावकारांना सळो की पळो करून सोडलं होतं. त्यांची ही गोष्ट सांगताना तेव्हाच्या बंदुकांचीही थोडी माहिती घ्यावी लागते.

किल्ल्यांचे राखणदार बेकार झाले

राघोजींचा जन्म १८०५ चा, राजूरजवळच्या देवगावचा. महादेव कोळी समाजातलं भांगरे हे नाईकांचं घराणं. रतनगड, अलंग, कुलंग, मदन असे गड आणि घाटवाटा सांभाळणं हे इथल्या नाईकांचं पिढीजात काम. त्याच्या बदल्यात वतन आणि पगार मिळायचा. घरात हत्यार असणं ही त्यामुळं नेहमीचीच गोष्ट होती. नांगर असावा तशी तलवार असायची.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे सगळं बदललं. इंग्रजांना डोंगरी किल्ल्यांची गरज नव्हती, उलट भीती होती. त्यांनी गडांवरची शिबंदी मोडली. पगार कमी झाले, हक्क गेले. कालपर्यंत ज्यांच्या भरवशावर गड होता ते आज बेकार झाले.

राघोजींचे वडील रामजी भांगरे यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १८२९ च्या सुमारास ते रामा किरवे यांच्यासोबत बंडात उतरले. कॅप्टन मॅकिन्टॉशनं हे बंड मोडलं आणि १८३० मध्ये रामा किरवेंना अहमदनगरला फाशी झाली. राघोजी तेव्हा पंचविशीत होते.

राजूरची ती नोकरी

या भागात आजही सांगतात की राजूरला पोलीस अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली होती. घराण्याचा मान आणि स्वतःचा वकूब बघता ती राघोजींना मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात त्यांना डावलून दुसऱ्याला नेमलं गेलं, आणि तिथून ठिणगी पडली.

पण एका नोकरीवरून एवढं मोठं बंड होत नाही. खरं कारण शेतसाऱ्यात होतं. इंग्रजांना सारा रोख पैशात हवा होता. नाचणी-वरई पिकवणाऱ्या डोंगरातल्या माणसाकडं रोकड कुठून येणार? मग सावकार आले. त्यातच १८२७ पासून एल्फिन्स्टनच्या कायद्यानं न्यायालयं सुरू झाली होती. सावकार कागदावर अंगठा घ्यायचा आणि न्यायालयातून हुकूमनामा आणून जमीन ताब्यात घ्यायचा. वाचता न येणाऱ्या माणसाला हा कागद बंदुकीपेक्षा जड गेला.

तोड्याची बंदूक आणि टोपीची बंदूक

आता बंदुकांबद्दल. त्या काळी सह्याद्रीत लोकांच्या हातात जी बंदूक असायची ती बहुतेक तोड्याची. नळीत दारू आणि गोळी गजानं ठासायची, कानाजवळ रंजक टाकायची आणि धुमसती जामगी त्यावर टेकवायची. पाऊस आला की जामगी विझायची, आणि अंधारात तिचा लाल ठिपका दुरूनही दिसायचा. एक बार काढायला वेळही बराच लागायचा.

तरी तिचा एक मोठा फायदा होता. ती गावातच दुरुस्त व्हायची. चाप वाकला तर लोहार सरळ करायचा, दस्ता फुटला तर सुतार नवा बसवायचा. जामगी म्हणजे शेवटी दोरीच. अशी बंदूक आजोबाकडून नातवाकडं यायची आणि चालायचीही.

इंग्रजांच्या फौजेकडं चकमकीची बंदूक होती. तिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडायची. त्याच्याही पुढची पायरी आली ती स्कॉटलंडमधल्या एका धर्मगुरूमुळं. अलेक्झांडर फोर्साइथ त्यांचं नाव. पक्ष्यांच्या शिकारीत ठिणगीमुळं पक्षी आधीच उडून जातात म्हणून वैतागलेल्या फोर्साइथनी आघातानं पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढं तांब्याच्या छोट्या टोपीची बंदूक आली. ती भर पावसातही उडायची.

१८४० च्या दशकात इंग्रजी फौजा याच टोपीच्या बंदुकीकडं वळत होत्या. जगभरात जुन्या चकमकीच्या बंदुकांचा घोडा बदलून त्या टोपीवर चालतील अशा करून घेतल्या जात होत्या. म्हणजे जुनी बंदूक फेकायची नाही, तिच्यात फेरफार करून वापरायची.

मग डोंगरातल्या लोकांनी हेच का केलं नाही? कारण टोपी कारखान्यात बनते. लोहार घोडा घडवू शकतो, पण टोपीतलं रसायन तयार करू शकत नाही. ज्याच्या हातात कारखाना, त्याच्याच हातात बंदूक, असा काळ सुरू झाला होता. राघोजींचं बंड नेमकं या काळात झालं. समोरासमोरच्या लढाईत निभाव लागणं शक्यच नव्हतं, म्हणून डोंगर, जंगल आणि गावकऱ्यांची साथ हेच त्यांचं खरं हत्यार होतं.

बंड पेटलं

१८४४ मध्ये राघोजी आणि बापू भांगरे यांच्या टोळ्यांनी नगर-नाशिकचा डोंगरी भाग दणाणून सोडला. पाठलागावर आलेल्या पोलिसांच्या तुकडीला राघोजींनी गाठलं. त्यात एक अधिकारी आणि दहा शिपाई मारले गेल्याची नोंद खुद्द इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये आहे.

त्यांचा मुख्य रोख सावकारांवर होता. गहाणखतं आणि हिशेबाच्या वह्या हिसकावल्या जायच्या. काही सावकारांची तर नाकंही कापली गेली. यातली क्रूरता झाकायचं कारण नाही. पण राग कशावर होता ते वह्यांवरून कळतं. पुढं तीस वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्यानंतर सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. राघोजी ज्या दुखण्यावर बोट ठेवत होते ते सरकारनं कबूल केलं, पण तीन दशकं उशिरा.

१८४५ मध्ये बापू भांगरे पकडले गेले. बंडाचं लोण पुणे-साताऱ्यापर्यंत गेलं होतं, पण फौजेचा फास आवळत चालला. राघोजींचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांच्या आईचा छळ झाला असं देवगाव परिसरात सांगितलं जातं.

पंढरपूर ते ठाणे

शेवटी राघोजींनी गोसाव्याचा वेश घेतला. डोंगर सोडला आणि ते पंढरपूरला गेले. २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेलनं त्यांना तिथंच पकडलं.

ठाण्यात खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. आपल्याला दोरीनं लटकवू नये, तलवारीनं किंवा बंदुकीच्या गोळीनं मरण द्यावं, अशी मागणी राघोजींनी केल्याचं सांगतात. गड राखणाऱ्या घराण्यातल्या माणसाला चोर-दरोडेखोराचं मरण नको होतं. ही मागणी मान्य झाली नाही. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी दिली गेली.

पुढं काय झालं?

गंमत बघा. दहाच वर्षांनी, १८५७ चा उठाव झाला तेव्हा इंग्रजांना याच डोंगरातल्या लोकांची गरज पडली. कॅप्टन नटॉलनं महादेव कोळ्यांची पलटण उभी केली आणि सरकारनंच त्यांच्या हातात हत्यारं दिली. काम झाल्यावर १८६१ मध्ये ती पलटण मोडून टाकली.

१८७८ मध्ये शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट होती. गावातल्या लोहाराकडं बंदूक दुरुस्तीला देण्याचे दिवस तिथं संपले.

आजचा १९५९ चा कायदा सगळ्यांना सारखा आहे. बंदूक बनवायला तर परवाना लागतोच, पण दुसऱ्यासाठी दुरुस्त करायला किंवा तिच्यात बदल करायलाही लागतो. सूट आहे ती पुराणवस्तू म्हणून ठेवलेल्या किंवा इतक्या मोडलेल्या हत्यारांना, जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. त्यामुळं माळ्यावर पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली तर ती घासूनपुसून चालू करायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारणं बरं.

दरवर्षी २ मे रोजी ठाणे कारागृहाजवळ लोक राघोजींना अभिवादन करायला जमतात. देवगावलाही त्यांचं स्मारक आहे. भंडारदऱ्याला जाताना राजूरला पेढ्यासाठी गाडी थांबवाल तेव्हा तिथून देवगाव फार लांब नाही.