साखवाळ ते सेवाग्राम : आचार्य धर्मानंद कोसंबी

गोव्यातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. पोर्तुगीज राजवटीतील त्या खेड्यात नियमित शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. प्रकृतीही नाजूक. त्यामुळे शाळेचे शिक्षण नावापुरतेच झाले आणि घरच्या नारळीच्या बागांची देखरेख करण्यात तारुण्य सरू लागले. लहान वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. मिळेल ते मराठी पुस्तक वाचणे हाच काय तो विरंगुळा होता. अशा वाचनात मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या हाती आले आणि मनाने ठाव घेतला. ज्या भूमीत बुद्ध वावरले ती भूमी पाहावी, ज्या भाषेत त्यांचा उपदेश जतन झाला ती भाषा शिकावी, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही कन्या माणिक होती. आज त्या प्रस्थानाचे कौतुक करताना त्याचे मोल प्रथम कोणी मोजले, हे विसरणे अन्यायाचे होईल. बाळाबाईंनी जवळजवळ सात वर्षे पतीविना काढली.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तेथून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. मात्र बुद्धाची वाट अजून सापडली नव्हती. मोठ्या आशेने त्यांनी नेपाळ गाठले, परंतु तेथील धर्माची स्थिती पाहून ते निराश झाले. मनात जपलेले स्थळ आणि प्रत्यक्ष दिसणारे स्थळ यांत किती अंतर असू शकते, हे त्यांना तेथे कळले. तरीही त्यांनी शोध सोडला नाही. बुद्धगयेहून कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप असा प्रवास करून १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांचे शिष्य झाले. तेथे त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातील विहारांत राहून ध्यानमार्गाचाही परिचय करून घेतला.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे सन्मानाचे काम मिळाले होते. परंतु आपले ज्ञान महाराष्ट्राच्या उपयोगी पडावे, ही इच्छा बलवत्तर ठरली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेली दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती त्यांनी पत्करली आणि कलकत्ता सोडले.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. ज्याला शालेय शिक्षणही धड मिळाले नव्हते, तो साखवाळचा मुलगा ‘विसुद्धिमग्ग’ या महान पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेस गेला. या कामात सिंहली आणि ब्रह्मी लिपींतील हस्तलिखिते ताडून पाहायची होती. एके काळी ज्या देशांत ते विद्यार्थी म्हणून भटकले, ते देश अशा रीतीने हार्वर्डच्या मेजावर त्यांच्यासमोर एकत्र आले. या कार्यासाठी त्यांना पुढेही अमेरिकेच्या वाऱ्या कराव्या लागल्या. १९१८ च्या प्रवासात माणिक आणि दामोदर ही मुले त्यांच्याबरोबर होती. ज्या मुलीला तान्हेपणी मागे ठेवून ते निघाले होते, तिला शिक्षणासाठी ते स्वतः समुद्रापार घेऊन गेले. दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाले.

मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला पाली शिकवण्यास गेले. परतल्यावर मिठाच्या सत्याग्रहात सहभागी होऊन त्यांनी कारावास भोगला. पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. काशीने शास्त्र दिले, सिंहलद्वीपाने पाली दिली, अमेरिकेने संशोधनाची शिस्त दिली आणि रशियाने श्रमिकांविषयीची आस्था दृढ केली. यांपैकी एकही गाव त्यांचे जन्मगाव नव्हते. तरी यांपैकी एक वगळले तर धर्मानंद पूर्ण होत नाहीत.

आणि एवढे जग पाहिलेल्या या पंडिताने आपले संचित मुख्यतः मराठीत ओतले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ आणि ‘निवेदन’ हे आत्मचरित्र साध्या मराठी वाचकासाठी लिहिलेले आहे. एका मराठी मासिकाने ज्याला घराबाहेर काढले, त्याने ते ऋण मराठीलाच असे फेडले.

४ जून १९४७ रोजी, वार्धक्याने व आजाराने देह थकल्यावर, अन्नत्याग करून त्यांनी सेवाग्राम आश्रमात शांतपणे जगाचा निरोप घेतला. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी संपादिलेली हार्वर्ड आवृत्ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली, ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

माणूस जन्मतो एका गावी, पण घडतो अनेक गावी. कोठे जायचे हे प्रेम ठरवते आणि तेथून काय घेऊन परतायचे हे चारित्र्य ठरवते. धर्मानंदांनी प्रत्येक ठिकाणाहून विद्या घेतली आणि ती आपल्या माणसांना आपल्या भाषेत दिली. गावापासून दूर गेलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने आपल्या मुलांना सांगावे, असे हे चरित्र आहे.