उशाशी बसलेली सावित्री

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणात मी तिच्याजवळ होते. म्हणजे अगदी प्रसूतीच्या खोलीत, तिच्या उशाशी. आत जाण्याआधी एका छापील कागदावर माझं नाव आणि नातं लिहून घेतलं आणि सही घेतली. पुढचे नऊ तास मी काय केलं म्हणाल, तर सांगण्यासारखं काहीच नाही. कंबर चोळली, घोट घोट पाणी पाजलं, कपाळावरचा घाम पुसला. औषधं डॉक्टरांनी दिली, बाळ परिचारिकेनं झेललं. तरी लेक आजही सांगते, की त्या रात्री तिनं धरून ठेवला तो माझा हात.

माझ्या वेळी असा हात नव्हता. अडतीस वर्षं झाली त्याला. आई बाहेरच्या बाकावर रात्रभर बसून होती आणि मी आत लोखंडी खाटेवर एकटी. ओरडले म्हणून आया माझ्यावर खेकसली. बाळ सुखरूप झालं, सगळे पेढ्यांच्या गडबडीत लागले. पण ते खेकसणं अजून कानातून गेलेलं नाही.

अशा सोबतिणीला आता जगभर ‘डूला’ म्हणतात. ती डॉक्टर नाही, सुईणही नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत जवळून न हलणारी बाई, एवढीच तिची ओळख. ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी काही पहिलटकरणींजवळ अशी एकेक अनोळखी बाई बसवून पाहिली. ज्यांना सोबत मिळाली, त्यांच्या कळांचे तास बरेच कमी भरले. १९८० साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा डॉक्टरमंडळींनाही नवल वाटलं. आपल्या सरकारनंही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ घरची एक बाई राहू द्यावी असं ठरवलं. आपल्या आज्यांना हे ऐकून हसू आलं असतं!

पण त्या रात्री लेकीच्या उशाशी बसले असताना मला आठवत राहिल्या सावित्रीबाई फुले. शाळेत दर ३ जानेवारीला आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्याच. शेणगोळे झेलत भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई सगळ्यांना पाठ आहेत. बाळंतिणीजवळ रात्र जागवणाऱ्या सावित्रीबाईंबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या नेवसे पाटलांची ही लेक १८३१ साली जन्मली. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची, जोतीराव तेरा वर्षांचे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी या कामापायी दोघांना घर सोडावं लागलं. हे सारं आपल्याला ठाऊक आहे. दोन गोष्टी मात्र इथे ध्यानात ठेवायच्या. जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेली होती. त्यांना सगुणाबाईंनी वाढवलं. आणि सावित्रीबाईंना मूल झालं नाही. आईविना वाढलेला पुरुष आणि मुलाविना राहिलेली बाई, अशा या जोडप्यानं पुढे जे घर उघडलं ते बाळंतिणींचं.

त्या काळच्या पुण्यात दहाबारा वर्षांच्या मुली विधवा होत. केशवपन, लाल अलवण, एक वेळचं जेवण, आणि घरातल्याच कुणा थोरल्या पुरुषाची नजर. दिवस गेले की तो पुरुष नामानिराळा, आणि मुलीपुढे विहीर, नाहीतर कुणी चोरून आणून दिलेली जालीम मुळी. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण तो कागदावर. १८६३ साली जोतीरावांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या एका तरुण ब्राह्मण विधवेनं आपलं नुकतं जन्मलेलं मूल मारून विहिरीत टाकलं. खटला झाला, तिला जन्मठेप काळ्या पाण्याची. तिला फसवणाऱ्या शास्त्र्याचं काय झालं, हे विचारायची त्या काळी पद्धतच नव्हती.

त्याच वर्षी फुले पतिपत्नींनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तशी पत्रकं शहरात लावली. विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, असा त्यांचा आशय होता. त्या पत्रकांनी पुण्यात केवढी खळबळ माजली असेल!

मला राहून राहून त्या घराच्या आतल्या खोलीत डोकवावंसं वाटतं. येणारी मुलगी अंगावर अलवण घेऊन, अंधारात, तोंड लपवून आलेली. तिची आई येणार नाही, बहीण येणार नाही. पेठेतली सुईण बोलवावी तर सकाळपर्यंत गावभर बभ्रा. हिला धीर कोण देणार? आणि तिला पाणी देणारी बाई माळ्याची. आयुष्यभर सोवळं पाळलेल्या त्या मुलीनं तो पेला तोंडाला लावताना काय विचार केला असेल? काही नसेलच केला. कळांमध्ये कसली आलीय जात.

हे घर म्हणजे सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. १८८४ साली सरकारला पाठवलेल्या मतपत्रात जोतीरावांनी स्वतःच हिशेब दिला आहे. तोवर ३५ गर्भवती विधवा आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत राहिली, ३० गेली. कारणही त्यांनीच लिहिलं आहे. पोट लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच इजा पावली होती. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. यातली किती मुलं सावित्रीबाईंच्या डोळ्यांदेखत गेली असतील! आणि तरी पुढच्या बाईसाठी दार उघडंच राहिलं. लहान पोरांना कित्ता गिरवायला शिकवण्यापेक्षा हे काम अवघड होतं, असं मला वाटतं.

घराबाहेरही त्यांची हीच वृत्ती. १८६८ साली त्या माहेरी नायगावला असताना एका ब्राह्मण तरुणापासून दिवस गेलेल्या महार मुलीला आणि त्या तरुणाला गावकरी मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजांच्या कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांना वाचवलं. जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवलं आहे.

१८७४ साली त्यांच्याकडे काशीबाई नावाची विधवा आली. तिला मुलगा झाला. तोच यशवंत, फुल्यांनी त्याला दत्तक घेतलं. १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी मुद्दाम नोंदवलं, की या मुलाची नाळ सावित्रीबाईंनी कापली आणि तेव्हापासून त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं. नाळ कापणं म्हणजे विटाळाचं काम, सुईणीचं. घरातली प्रतिष्ठित बाई त्यापासून चार हात लांब राहायची. आणि इथे एक नवरा सरकारी कागदात ते अभिमानानं लिहून ठेवतो. मला तर साऱ्या मृत्युपत्रात हेच वाक्य मोठं वाटतं.

यशवंतला मुलगी द्यायला लोक कचरत. अखेर १८८९ साली सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली. पुढच्या वर्षी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. यशवंत डॉक्टर झाला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगनं कहर केला. यशवंतनं हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावाबाहेर, दवाखाना थाटला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांना आणण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून फिरू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचं एक पोर तापानं फणफणलं होतं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीशी बांधलं आणि दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना प्लेगनं गाठलं. १० मार्चला त्या गेल्या तेव्हा दवाखाना होता यशवंतचा. नाळ कापून हातात घेतलेलं ते बाळ आता तेवीस वर्षांचं होतं.